बाईंची करवत

बाईंनी करवत मला कधीच दिली नाही. दोन हिवाळे मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, पुस्तक वाचून दाखवलं, शिडी धरली, पडलेल्या फांद्या ओढत कुंपणाशी नेल्या. पण करवत त्यांच्या हातातून निघाली ती थेट कल्पीच्या हातात गेली, आणि तेव्हा कल्पीला आमच्याकडे येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते.

हे आधीच सांगून टाकते. पुढे बाईंबद्दल जे काही लिहीन, त्यात हे कुठे ना कुठे डोकावणारच आहे.

देवळाली कॅम्पात आम्ही बाईंच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. वडिलांची बँकेतली बदली, म्हणून तिथे. खाली बाई एकट्या. त्यांचे यजमान लष्करात डॉक्टर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बंगलोरला. गेटवरच्या पाटीवर अजून डॉक्टरांचंच नाव होतं आणि सगळा कॅम्प बाईंना नुसतं 'बाई' म्हणायचा.

बाई सुती साडीवर डॉक्टरांचा हिरवा लष्करी स्वेटर घालत, एप्रिलमध्येसुद्धा. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात मंगळसूत्र असतं त्या जागी एक शिट्टी, काळ्या दोरीत ओवलेली. हाका मारणं त्यांना आवडत नसे. एक लांब शिट्टी म्हणजे नळाला पाणी आलं. तीन आखूड म्हणजे कुणाचं तरी वाळत घातलेलं खाली पडलं. दोन आखूड म्हणजे मी.

मला माझी शिट्टी फार आवडायची. आमच्या इंग्रजी शाळेत मी अशी मुलगी होते की हजेरीला 'येस मिस' म्हणतानाही आवाज घशातच राहायचा. घरी पाहुणे आले की मी गच्चीत. पण दोन आखूड शिट्ट्या वाजल्या की मी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरायचे. अख्ख्या कॅम्पात मला बोलावण्यासाठी वेगळा आवाज राखून ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाई सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. मला, दूधवाल्याला, आमच्या मांजराला. आणि झाडांना.

झाडं तीन होती. चेरीची, पण खायच्या चेरीची नव्हेत, फुलांची. डॉक्टरांची कधी काळी शिलाँगला बदली होती, तिथून त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत रोपं आणली होती. तीन दिवसांच्या आगगाडीच्या प्रवासात म्हणे ते स्वतः जागचे उठले नाहीत, पण प्रत्येक मोठ्या स्टेशनावर डब्यांना खिडकीतून ऊन दाखवत होते. ही झाडं नाशकात जगायची नाहीत असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ती जगली. शिलाँगइतकी फुलत नाहीत, असं बाई म्हणायच्या. पण डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली की पानं गळालेल्या काड्यांवर गुलाबी फुलांचे झुबके लागायचे आणि बसमधली माणसं माना वळवून बघायची. एक झाड गेटजवळ, एक विहिरीजवळ, आणि तिसरं, सगळ्यात मोठं, माझ्या खिडकीसमोर, गल्लीच्या कुंपणापासून हातभर आत.

डॉक्टर गेल्यावर बाईंनी नऊ वर्षं त्या झाडांना कुणाचा हात लागू दिला नाही. "मी त्यांना दुखवट्यात ठेवलं होतं," त्या मला एकदा म्हणाल्या. "माणसानं करायच्या मूर्खपणाला मर्यादा असते. नऊ वर्षं म्हणजे फार झाली." झाडं वाट्टेल तशी वाढली. आत वाळक्या काटक्यांचं जाळं, फांद्यांवर फांद्या, आणि फुलं फक्त शेंड्याला, जिथून ती कावळ्यांनाच दिसावीत. मग एका वादळात विहिरीजवळच्या झाडाची फांदी मोडली आणि पडताना खोडाची साल पार खालपर्यंत ओरबाडत गेली. ते बघून बाईंनी ट्रंकेतून डॉक्टरांचं पुस्तक काढलं.

पुस्तक इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं, आणि बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन आखूड शिट्ट्या वाजल्या. मी आठवीत होते.

"तुम्ही इंग्रजी शाळेत जाता ना? वाचा. आणि लगेच मराठी करून सांगा. गाळायचं काही नाही."

गंमत म्हणजे वाचताना मी अडखळायचे नाही. बोलायची वाक्यं माझी मलाच शोधावी लागत. ही कुणीतरी आधीच शोधून ठेवलेली होती. मी वाचायची, बाई ऐकायच्या, आणि मग त्याचं स्वतःचं करून टाकायच्या. पुस्तकातलं अख्खं प्रकरण त्यांनी एका ओळीत आणलं होतं: "मेलेलं आधी. मग आजारी. मग एकमेकांना घासणारं. त्यानंतर हात खिशात." स्वेटरला खिसे होते, आणि त्या खरोखरच हात खिशात घालून उभ्या राहत. दुर्लक्ष झालेलं झाड एका वर्षात सरळ करू नये, हा त्यांचा मोठा नियम. "नऊ वर्षांचा पसारा एका सकाळी आवराल, तर झाड घाबरून नुसत्या उभ्या काठ्या फेकतं. दर वर्षी एकच झाड. आणि त्याचंही सगळं नाही."

कापण्याआधी त्या तीन दिवस खुर्ची टाकून झाडासमोर बसायच्या. नको वाटणाऱ्या फांदीला पांढरी लोकर बांधायच्या. दुसऱ्या दिवशी ती सोडून दुसरीला. चौथ्या दिवशीही तीच फांदी नको वाटली तरच करवत. एकदा दोन जाड फांद्या एकमेकींवर घासून दोघींची साल गेली होती. बाई तिन्ही दिवस त्यांच्याकडेच बघत बसल्या. "दोघी चांगल्या आहेत हो," त्या म्हणाल्या. "दोन्ही ठेवायचा मोह होतो. पण मग दोघी सडतात." कोणती ठेवायची हे त्या कशावरून ठरवत, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

एकदा वायरमन आला, तारांना लागणारी फांदी तोडायला. शिडी लावून त्यानं कोयता उगारला, तशी बाईंनी इतकी जोरात शिट्टी फुंकली की तो घाबरून तीन पायऱ्या खाली आला.

"काय झालं बाई? करंट हाय का?"

"तुम्ही केस कुठे कापता?"

"हितंच, बाजारात."

"तो न्हावी मानेवर कोयता मारतो का? उतरा खाली."

मग त्याला करवत धरायला शिकवली. आधी फांदीच्या पोटातून थोडा काप. मग थोडं पुढे जाऊन वरून, म्हणजे फांदी पडते पण साल ओरबाडत नाही. शेवटी उरलेला खुंट. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची एक सुरकुतलेली घडी असते. तिला बाई कॉलर म्हणत. कॉलर कापायची नाही, आणि तिच्यापासून लांब खुंटी ठेवायची नाही. काप झाला की बाई डोळे मिटत आणि अंगठा त्याच्या कडेनं गोल फिरवत. कुठे अंगठा अडकला की चेहरा असा व्हायचा जणू स्वतःच्याच हाताला कुसळ लागलंय. "जखमेला काही फासायचं नाही. झाडाला आपली खपली धरता येते. फक्त कडा नीट हवी." त्या वायरमनला चहा मिळाला, आणि पुढे तो कॅम्पभर तारांखालच्या फांद्या तीन कापांत काढायचा. मला त्याचाही राग आला होता. त्यालाही करवत मिळाली होती.

तोफखान्याचा सराव असला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. बाई दर तोफेला करवत उचलून धरत, आवाज विरला की पुन्हा टेकवत. "हात हलतो. तुम्हाला कळत नाही, पण हलतो." एकेक काप पाच-पाच तोफा चालायचा. मी पुस्तक छातीशी धरून उभी असायची. असं एका जानेवारीत गेटजवळचं झाड झालं आणि दुसऱ्या जानेवारीत विहिरीजवळचं. जानेवारीतच, कारण पुस्तकात तसंच होतं आणि ते पान मी पेन्सिलीनं खुणा करत बाईंना चारदा तरी वाचून दाखवलं होतं: ह्या झाडाला करवत लावायची ती फुलं झडून गेल्यावर, कोरड्या हवेत. आधी नाही. पुढच्या फुलांचे डोळे, म्हणजे मिटलेले कोंब, जुन्या काडीवर आधीच तयार बसलेले असतात. बुटक्या काडीवर, घोळक्यानं, जाडसर. पानांचे डोळे बारीक आणि टोकदार. बाई मला काडी हातात देऊन विचारायच्या आणि मी बोटानं दाखवायची, हे फूल, हे पान. माझं कधी चुकलं नाही.

दहावीला गेले त्या जूनमध्ये कल्पी आली.

कल्पी माझी मावसबहीण, निफाडकडची. माझ्याहून वर्षानं मोठी. घरची द्राक्षबाग. नाशिकरोडच्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. पहिल्याच आठवड्यात तिला भाजीवाली नावानं ओळखायला लागली, कंडक्टर तिच्यासाठी बस थांबवायला लागला. आई मला म्हणायची, "बघ जरा तिच्याकडे. तुला तोंड उघडायला काय पैसे पडतात?"

त्याच आठवड्यात वळवाच्या पावसात गेटबाहेरच्या गुलमोहराची फांदी मोडून लोंबकळायला लागली. दोन आखूड शिट्ट्या वाजल्या. मी पुस्तक घेऊन उतरले. कल्पी तिला कुणी बोलावलं नसताना माझ्या मागोमाग आली, एकदा वर बघितलं, ओढणी कमरेला बांधली आणि शिडी चढली.

"बाई, करवत द्या की!"

मला वाटलं, आता शिट्टी वाजणार. बाईंनी करवत वर केली, मुठीची बाजू पुढे करून.

"पोटातनं आधी," बाई म्हणाल्या.

"ठाऊक हाय. नायतर साल सोलती." आणि मग खाली बघून, "बाई, तुम्ही बाजूला सरा बरं. फांदी तुमच्या डोक्यात पडंल, मंग मला कोन शिकवंल?"

बाई हसल्या. बाई हसतात हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. कल्पी उतरल्यावर त्या स्वतः शिडी चढल्या, डोळे मिटून कापावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "तुझं नाव काय?"

तुझं.

त्या रात्री मी बराच वेळ एकच गोष्ट घोळवत होते. करवत मागायची असते, हे मला दोन वर्षांत सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं, नीट उभं राहिलं, सगळं बरोबर वाचलं, की ती कधीतरी आपोआप मिळते.

त्यानंतर कल्पीला शिट्टी कधी लागलीच नाही. बाई सरळ हाक मारायच्या, "कल्पे!" आणि ती वरून ओरडायची, "आले!" पावसाळाभर दोघी आंब्याच्या, पेरूच्या वाळक्या काटक्या काढत फिरायच्या. माझ्या शिट्ट्या होत होत्या, पण कमी. वाचायला नवीन काही उरलं नव्हतं. कल्पी झोपताना म्हणायची, "तुझी बाई लय भारी हाय गं." ती 'तुझी' म्हणायची तेव्हा मला भिंतीकडे तोंड करावं लागायचं.

सप्टेंबरअखेर बाईंनी डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. त्यांचा हिशेब पक्का होता. जानेवारीत मुलगा त्यांना कायमचं बंगलोरला नेणार होता. त्याआधी डिसेंबरची फुलं येणार. "गेली पाच-सहा वर्षं मला नुसता गुलाबी धूर दिसतोय," त्या आईला सांगत होत्या. "एकदा पाकळ्या मोजून जाईन म्हणते. विशेषतः ह्यांच्या." आणि तिसऱ्या झाडाकडे बोट. ते डॉक्टरांनी आपल्या हातानं लावलेलं पहिलं रोप होतं. फुलं झडली की जाण्याआधी त्याची छाटणी, आणि ती कल्पी करणार. "तिसरं झाड तुझं हं, कल्पे," एवढंच त्या तिला म्हणाल्या. कधी, ते म्हणाल्या नाहीत. ते मला माहीत होतं. ते सांगायची त्यांना गरज वाटली नसणार.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाई नाशिकला भाचीकडे गेल्या, पंधरा दिवसांसाठी. चार दिवसांनी संध्याकाळी मी भूमितीची प्रमेयं लिहीत बसले होते. कल्पी दारात उभी राहिली.

"अगं ए, तिसऱ्या झाडाचं. बाई यायच्या आत छाटून टाकू का? म्हंजी दोन महिन्यात फुलंल झक्क. पुस्तकात कवा लिव्हलंय?"

मी वहीतून मान वर केली नाही. "तुमच्याकडे कधी करतात?"

"ऑक्टोबरातच की. आता घरी तीच धांदल आसंल. छाटल्याबिगर माल येतच नाय द्राक्षाला."

"मग," मी म्हटलं.

एवढंच. मी खोटं बोलले नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की मी खोटं बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आई-वडील बाहेर गेले होते. मी खिडकीत बसले. कल्पीनं तीन दिवस खुर्ची टाकली नाही की लोकर बांधली नाही. हे काम तिला जन्मापासून येत होतं. मेलेलं काढलं, घासणारं काढलं, आणि मग हात खिशात घालायच्या ठिकाणी ती घरच्यासारखी सुरू झाली. प्रत्येक काडीवर चार-सहा डोळे ठेवायचे, पुढचं उडवायचं. तोफांचा सराव चालू होता. दर तोफेला ती बाईंसारखी करवत उचलून धरत होती. काड्या माझ्या खिडकीसमोरून खाली जात होत्या आणि मला त्यांच्यावरचे डोळे दिसत होते, बुटक्या काडीवर, घोळक्यानं, जाडसर. हे फूल. हे फूल. हेही फूल.

खिडकी उघडी होती. मला ओरडायचीही गरज नव्हती. साध्या आवाजात 'थांब' म्हटलं असतं तरी तिला ऐकू गेलं असतं.

संध्याकाळी घामानं डबडबलेली कल्पी वर आली. "बघितलंस का? कसं मोकळं झालं." मी म्हटलं, "छान."

बाई परतल्या तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा होता. रिक्षातून उतरताच कल्पीनं त्यांचा हात धरला. "बाई, एक गंमत हाय तुमच्यासाठी." मी जिन्याच्या मधल्या पायरीवर होते. बाईंनी झाडाकडे बघितलं. मग जवळ गेल्या, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. एका कापावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. काही कापांतून डिंकाचे थेंब आले होते. त्यांनी अंगठा पदराला पुसला.

"काप उत्तम आहेत," त्या म्हणाल्या.

कल्पी खुलली. "आता पंधरा दिवसात डोळं फुटत्यात बघा."

"हे यंदा फुलायचं नाही, कल्पे."

"फुलंल की! आमच्याकडं..."

"हा वेल नाही गं. ह्याची फुलं जुन्या काडीवर तयार असतात." कुंपणाशी काड्यांचा ढीग पडला होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलं. "ती तिथे आहेत."

कल्पी मातीत खाली बसली आणि मोठ्यानं रडली. लहान मुलासारखी, नाक पुसत, "बाई, म्या काय केलं," म्हणत. तिनं माझं नाव घेतलं नाही. मी वाट बघत होते. तिनं घेतलं नाही. बाई तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. आणि मला त्या क्षणीसुद्धा, सगळं कळत असताना, त्या हाताचा हेवा वाटला.

मग बाईंनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला.

"तुम्ही घरी होतात?"

"हो."

"दिवसभर?"

"हो."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर दोन आखूड शिट्ट्या कधी वाजल्या नाहीत. नळाला पाणी आल्याची एक लांब शिट्टी मात्र रोज व्हायची, वेळेवर. आठवडाभरानं खालून कल्पीचा आवाज यायला लागला. ती पुस्तक वाचत होती. एकेक अक्षर लावत, चुकत, हसत, आणि बाई दुरुस्त करत होत्या. माझं तेवढंच एक होतं, तेही खाली गेलं.

डिसेंबरात दोन झाडं फुलली. बाईंनी खुर्ची त्या दोघांच्या मध्ये टाकली आणि चष्मा काढला. मी वरून बघत होते. "इतकी फिकी आहेत होय," त्या कल्पीला म्हणाल्या. "मी त्यांना उगाच गडद समजत होते." घरात परत जाताना मात्र त्या तिसऱ्या झाडाजवळ थांबल्या. त्याच्या अगदी शेंड्याला कल्पीची करवत पोचली नव्हती. तिथे एक झुबका होता. इतका उंच की नव्या डोळ्यालाही पाकळ्या मोजता आल्या नसत्या. मान दुखेपर्यंत त्या बघत राहिल्या.

जानेवारीत सामानाचा ट्रक आला. करवत डॉक्टरांच्या मफलरमध्ये गुंडाळून त्यांनी कल्पीला दिली. मला पुस्तक दिलं.

"हे तुमच्याकडे असू द्या. तुम्हाला वाचता येतं."

त्यांनी त्यात काहीतरी लिहिलं असेल, या आशेनं मी ते जिन्यातच उघडलं. काही लिहिलेलं नव्हतं. पण पुस्तक आपोआप एका पानावर उघडलं. कधी छाटावं, ते पान. तिथे एक बुटकी काडी दाबून ठेवली होती, बोटाच्या पेराएवढी, तिच्यावर तीन जाड डोळे. ढिगातून उचललेली. वाळून तपकिरी झाली होती, पण डोळे अजून मिटलेलेच होते.

चार वर्षांनी बाई बंगलोरलाच वारल्या. आम्हाला पत्र आलं, तेही कल्पीच्या नावानं.

आता मी नाशिकरोडला एका कार्यालयात काम करते. इंग्रजीचं मराठी करायचं, काही गाळायचं नाही. बोलावं फार लागत नाही. कल्पीनं कृषीची पदवी घेतली, निफाडकडेच तिचं लग्न झालं, तिची रोपवाटिका आहे. छाटणीला जाणाऱ्या बायांना ती दर वर्षी शिकवते. मागच्या डिसेंबरात मी पहिल्यांदा तिच्या अंगणात मागे बसून ते ऐकलं. तीस-चाळीस बाया होत्या. मफलरमधून तिनं करवत काढली आणि सुरुवातच अशी केली: "बायांनो, आधी माझी चूक ऐका." आणि तिसऱ्या झाडाची गोष्ट सांगितली. बाईंचा डोळा, ऑक्टोबर, काड्यांचा ढीग. ती इतकं छान सांगते की दोन-तीन बायांनी पदर डोळ्यांना लावला. "मला कोनी सांगनारं नव्हतं," ती म्हणाली, "म्हनून तुमाला सांगते. झाड कोनतं, ते आधी इचारा. मंग महिना."

मी मागे बसून ऐकत होते. बाई तिला मिळाल्या, करवत तिला मिळाली, आणि ती चूकसुद्धा तिलाच शोभून दिसत होती.

संध्याकाळी ती म्हणाली, "चल, कॅम्पात जाऊन येऊ." तिच्या स्कूटरवर मागे बसून गेले. बंगला बंद होता, गेटला कुलूप. गेटजवळचं आणि विहिरीजवळचं झाड दिसत नव्हतं. तिसरं होतं. पुन्हा सगळं माजलेलं, आत वाळक्या काटक्यांचं जाळं, आणि तरी शेंड्यापासून खालपर्यंत फुललेलं. गल्लीत कुणी नव्हतं.

मी वाटेत वाक्य तयार केलं होतं. ते आलं नाही. जे आलं ते असं: "कल्पे, त्या वेळी तू मला विचारलं होतंस."

"ठाऊक हाय," ती फुलांकडे बघत म्हणाली.

"मला महिना माहीत होता."

"तेबी ठाऊक हाय. पुस्तक वाचलं ना मी नंतर. तुझ्याच बारीक पेन्सिलीच्या खुणा व्हत्या त्या पानावर."

"मग बायांना सांगताना ते का गाळतेस? कुणी सांगणारं नव्हतं म्हणतेस."

ती माझ्याकडे वळली, आणि हसली. बाईंना हसवणारं तेच हसू.

"अगं, माझी चूक हाय ती. इतकी वरसं मी तिच्यावर शिकवतीया. तुला कशाला देऊ?"

मग तिनं कुंपणाच्या गजांतून हात आत घातला, डोळे मिटले आणि खोडावरच्या एका जुन्या कापावर अंगठा फिरवला. काप केव्हाच भरून आला होता; सालीचं एक गोल कडं तेवढं उरलं होतं. "उत्तम हाय," ती बाईंच्या आवाजात म्हणाली.

मीही हात घातला. खांदा गजांना टेकेपर्यंत घातला. कल्पीचा हात लांब आहे. माझा वीतभर कमी पडला.